खंडाविना गेलेले दिवस

मित्रांनो, मला घरी नेऊन साहेबांना काय काय मिळणार होते ते आधी मांडतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. एक पूर्ण झालेली कादंबरी. तिच्यावर छापलेले स्वतःचे नाव. आणि बारा वर्षे पोटात दडवलेली एक गोष्ट एकदाची बाहेर. एवढ्या सगळ्यासाठी त्यांनी रोज सकाळी एक पान लिहायचे आणि ते झाले की माझ्या अंगावर खडूने एक आकडा काढायचा, इतकेच. सौदा फारच स्वस्त होता. इतक्या स्वस्तात मिळते तेव्हा उरलेले कोण भरते, हे विचारण्याची अक्कल मला तेव्हा नव्हती.

तर मी आहे एक फळा. अडीच फूट रुंद, दोन फूट उंच, हिरव्या रंगाचा, पत्र्याचा. आता रंग उडाला आहे आणि कडांना गंज चढला आहे, पण जन्मलो तेव्हा माझ्यात तोंड दिसेल इतका चकाकत होतो. एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये पेंटरने मला रंगवले. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, ‘अपघाताविना गेलेले दिवस’, आणि खाली काळी तीन घरे आखली, खडूने आकडा लिहायला.

घरे आखताना त्याने व्यवस्थापकांना विचारले होते, “तीनच पुरतील का? हजार झाले तर?”

“तू शंभराचं बघ रे आधी,” व्यवस्थापक म्हणाले.

मला फाटकाशी टांगले. आत येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघून जाई. रोज सकाळी आठचा भोंगा झाला की सुरक्षा अधिकारी येत. बुटके, नीटनेटके, खिशात दोन पेने आणि एक खडू. सगळे त्यांना साहेब म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ते ओल्या फडक्याने कालचा आकडा पुसत आणि आजचा लिहीत. त्यांचा सात फार देखणा असे.

पहिल्या वर्षी माझा आकडा चाळिसाच्या पुढे क्वचितच गेला. कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला, कुणाचा पाय तेलावरून घसरला, की साहेब मला पुसून तिथे शून्य काढत. शून्य अंगावर घेऊन दिवसभर फाटकात उभे राहणे म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचे नाही. येणारे-जाणारे हळहळत. मला वाटे, माझेच काहीतरी चुकले.

मग व्यवस्थापकांनी जाहीर केले की तीनशे पासष्ट दिवस झाले तर प्रत्येकाला एक थर्मास मिळेल. चांगला, स्टीलचा, अर्ध्या लिटरचा.

आणि काय आश्चर्य! अपघात थांबले. पन्नास झाले, शंभर झाले, दोनशे झाले. पाहुणे आले की व्यवस्थापक त्यांना माझ्यासमोर उभे करून फोटो काढून घेत. मी इतका फुगलो होतो की खिळा मला पेलतो कसा याचेच नवल. मलमपट्टीची पेटी फाटकाजवळच असे. तिच्यातला कापूस मात्र आता पूर्वीपेक्षा लवकर संपू लागला होता. आकडा वाढतो आहे आणि कापूसही संपतो आहे, या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. साहेबांनी बघितल्या असाव्यात. त्यांनी पेटी आतल्या खोलीत हलवली.

तीनशे एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या माणसाला चौघांनी धरून फाटकाशी आणले. त्याला सगळे लेथमास्तर म्हणत. कारखान्यात शिट्टी वाजवत काम करणारा तो एकटाच. त्याचा डावा हात फडक्यात गुंडाळलेला होता आणि फडक्याचा रंग ओळखू येत नव्हता. करंगळी आणि शेजारचे बोट आत लेथपाशीच राहिले होते.

साहेब धावत आले. मागून कुणीतरी म्हणाले, “साहेब, चोवीसच दिवस राहिलेत.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. जखमी माणूस समोर असताना तीस-चाळीस जण पत्र्याकडे बघत होते.

शेवटी लेथमास्तरच बोलला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “घरी झालं म्हणून लिहा साहेब. दार लागलं.”

“दारात दोन बोटं जातात का रे?”

“जड दार होतं म्हणा.”

यावर कुणीतरी हसले. ते हसणे माझ्या पत्र्यात अजून कुठेतरी वाजते.

दुसऱ्या दिवशी आठचा भोंगा झाला. साहेब आले, त्यांनी मला पुसले आणि तीनशे बेचाळीस लिहिले. दोनचे शेपूट थोडे हलले, बाकी अक्षर नेहमीसारखे.

थर्मास सगळ्यांना मिळाले. लेथमास्तरलाही मिळाला. जखम घरची ठरल्यामुळे कामावरच्या जखमेचे जे काही मिळायचे ते मात्र त्याला मिळाले नाही. त्याला लेथवरून काढून गोदामात झाडायला लावले. त्याने शिट्टी वाजवल्याचे त्यानंतर मी कधी ऐकले नाही.

बारा वर्षे अशीच गेली. मग फाटकावर लाल दिव्यांचा नवा फळा आला, आपोआप आकडा बदलणारा. मला काढून भिंतीला टेकवून ठेवले. त्याच महिन्यात साहेबही निवृत्त झाले. जाताना त्यांनी एकच वस्तू मागितली. मी.

घरी साहेबांच्या बायकोने दार उघडले. कारखान्यातले लोक त्यांना वहिनी म्हणत. त्या मला बघून दारातच थांबल्या.

“अहो, लोक निवृत्त होताना घड्याळ आणतात. तुम्ही फाटक उचलून आणलंत?”

“मी कादंबरी लिहिणार आहे,” साहेब म्हणाले.

“मग त्याला पत्रा कशाला लागतो? छप्पर घालायचंय का तिच्यावर?”

साहेबांनी सगळे सांगितले. कादंबरी लेथमास्तरची. त्याच्या बोटांची. जे झाले ते, जसे झाले तसे, एकही गोष्ट न झाकता. लेथमास्तरला त्यांनी तसा शब्दही दिला होता. पण लिहिण्याची हौस चार दिवसांत विरते, हे साहेब स्वतःला ओळखून होते. म्हणून फळा. माणसाला हौस धरून ठेवत नाही, आकडा धरून ठेवतो, असे त्यांचे म्हणणे होते. सबंध नोकरी त्यांनी यावरच केली होती.

मला जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावले, स्वयंपाकघराच्या दाराच्या बरोबर समोर. खाली टेलिफोन. साहेबांनी ‘अपघाताविना’ या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिले, ‘खंडाविना’. आता मी झालो, ‘खंडाविना गेलेले दिवस’. नियम सोपा. सकाळी सहा ते आठ टेबलाशी बसायचे, एक पान लिहायचे, मग आकडा. एक दिवस जरी चुकला तर शून्य.

सुरुवात छान झाली, हे मला मान्य केलेच पाहिजे. पाने भराभर होत होती. दुपारी वहिनी भाजी निवडता निवडता ती वाचत आणि शेरे मारत. “तुमचा लेथमास्तर बरा जमलाय. पण व्यवस्थापक किती बोलतो हो! त्याला जरा खोकला तरी लावा.” साहेब वरवर चिडत आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाची चार वाक्ये उडवत. लेक दुसऱ्या गावी शिक्षिका होती. ती रविवारी फोन करी. “बाबा, कादंबरी लिहिताय की कारखाना चालवताय?” आणि दोघेही हसत.

अठ्ठावन्न दिवस झाले. एकोणसाठाव्या दिवशी वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. पहाटेच निघावे लागले आणि परत येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. साहेबांनी मला पुसून शून्य काढले. पाठ वळवून, अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, “तुझ्या डोळ्यापायी अठ्ठावन्न दिवस गेले.”

वहिनींच्या डोळ्यावर पट्टी होती. त्या म्हणाल्या, “गेले कुठं? पानं तर कपाटात आहेत.”

किती खरे होते ते! एकसष्ट पाने कपाटात जशीच्या तशी होती. पण साहेबांना कपाट दिसत नव्हते, माझ्यावरचे शून्य दिसत होते. चार महिने त्यांनी पेनाला हात लावला नाही. खुर्चीत बसून नुसते बाहेर बघत. घरात कुणी मोठ्याने बोलेना. वहिनींनी ते वाक्य मात्र नीट घडी घालून मनात ठेवले. मी समोरच होतो. ते ठेवताना मी त्यांचा चेहरा बघितला आहे.

चार महिन्यांनी साहेब पुन्हा बसले आणि त्यांनी एक लिहिला. या वेळी तीनशे पासष्ट झालेच पाहिजेत, असे त्यांनी जाहीर केले. त्या दिवशी सगळ्यांना बोलवायचे, लेथमास्तरला शेजारी बसवायचे आणि वाचून दाखवायचे.

शंभराव्या दिवशी कपाटात एकशे बासष्ट पाने होती. पुढचे प्रकरण होते बोटांचे. एकशे एकाव्या दिवशी साहेब टेबलाशी बसले आणि त्यांनी कारखान्याच्या बागेचे वर्णन लिहिले. त्या कारखान्यात बाग नव्हती. दुसऱ्या दिवशी उपाहारगृहातल्या मांजरीविषयी लिहिले. मग पेंटरच्या बालपणाविषयी. पान झाले की आकडा, पान झाले की आकडा. गोष्ट दाराशी येऊन उभी होती आणि साहेब तिला आत घेत नव्हते.

मग पानाचे अर्धे पान झाले. त्याच्या दहा ओळी झाल्या. एकशे नव्वदाव्या दिवशी साहेबांनी ठरवले की एक ओळ लिहिली तरी खंड पडला असे म्हणता येणार नाही.

वहिनींनी कागद उचलला. “‘आकाश निरभ्र होते.’ पुढं?”

“आजचं एवढंच.”

“मग उद्याचंही आत्ताच लिहून ठेवा की. ‘ढग आले.’ तेवढंच काम हलकं.”

साहेब हसले नाहीत. वहिनींनी पुन्हा तशी थट्टा केली नाही.

दोनशेव्या दिवशी पाने एकशे चौऱ्याण्णव. तीनशेव्या दिवशी दोनशे एक. मित्रांनो, शंभर दिवसांत सात पाने! आणि मी? मी तेव्हा आयुष्यात दुसऱ्यांदा फुगलो होतो. माझ्या अंगावर जे लिहितात तेवढेच मला ठाऊक असते. कपाटात काय आहे, माणसाच्या पोटात काय आहे, ते माझ्या तीन घरांत मावत नाही.

मध्यंतरी लेकीने नवे घर घेतले. चार दिवस या म्हणाली. साहेब म्हणाले, “फळा कसा नेणार?”

“त्याचंही एक तिकीट काढा,” वहिनी म्हणाल्या, “खिडकीपाशी बसेल.” पण गेल्या नाहीत. साहेब एकटे राहिले तर सकाळचा चहा कोण देणार आणि चहा नाही मिळाला तर खंड पडेल. लेकीला त्यांनी सांगितले की माझाच गुडघा दुखतोय.

हे पहिले खोटे. माझ्यासाठी त्या घरात बोलले गेलेले पहिले. त्यानंतर मोजणे मी सोडून दिले.

तीनशे दहाव्या दिवशी लेथमास्तर भेटायला आला. केस पांढरे, चाल सावकाश. वहिनींनी चहा ठेवला. तीन बोटांच्या हाताने त्याने कप धरला.

“काय साहेब, माझी बोटं आली का?”

“येतील. अगदी जवळ आलोय.”

“मागच्या खेपेलाही जवळच होतात. लेथपासून फाटकापर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागत नाही हो.” तो हसत होता. मग त्याची नजर वर गेली आणि त्याचे हसणे गेले. त्याने कप खाली ठेवला. “हा इथं कशाला?”

“लिहिण्यात खंड पडू नये म्हणून.”

“वहिनी, हा काढून टाका,” लेथमास्तर म्हणाला. तो साहेबांकडे बघत नव्हता. “हा फार वाईट आहे. हा काही करत नाही, नुसता लटकतो. आणि याच्याखाली माणसं आपल्या जखमा लपवतात.”

“काढते भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “पंचावन्नच दिवस राहिलेत.”

लेथमास्तर चहा अर्धाच ठेवून निघून गेला.

तीनशे एकोणतिसाव्या दिवशी वहिनींच्या उजव्या हातातून कप निसटला. हात त्यांनी डाव्या हाताने उचलून ओट्यावर ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. थोड्या वेळाने बोटे हलू लागली. त्यांनी तुकडे गोळा केले, आतल्या दारातून माझ्याकडे बघितले, आणि साहेबांनी टेबलावरून “काय फुटलं?” विचारले तेव्हा म्हणाल्या, “मांजर होतं.”

तीनशे अडतिसाव्या दिवशी, रविवारी, माझ्या खालीच फोनवर बोलताना त्यांची जीभ अडखळली.

पलीकडून लेकीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “आई, असं काय बोलतेयस?”

“तों... तोंडात घास आहे गं.”

“आई, खरं सांग.”

वहिनींनी तारेचा वेढा बोटाला गुंडाळला आणि आवाज खाली आणला. “होतं कधीकधी. हात जड होतो, जीभ जड होते, मग सुटतं. जाऊ दे बाबांचं वर्ष पुरं. सत्तावीस दिवस. मग दाखवते डॉक्टरांना.”

“आजच जा! बाबांना सांग. नाहीतर मी सांगते.”

“तुला माझी शपथ आहे. आत्ता दवाखाना काढला तर खंड पडेल, आणि मग वर्षभर हे तोंड पाडून बसतील. मागच्या वेळी माझ्या डोळ्यानं अठ्ठावन्न दिवस खाल्ले. या खेपेला तीनशे खाल्ले तर मी या घरात राहू कुठं?”

लेक पुष्कळ बोलली. शेवटी शपथेपुढे गप्प बसली.

मित्रांनो, मी पत्रा आहे. मला वाजता येते, पण कुणी वाजवल्याशिवाय नाही. साहेब चार हातांवर बसले होते आणि त्यांनी एक ओळ लिहिली, ‘सगळीकडे शांतता होती.’

तीनशे त्रेपन्नाव्या दिवशी सकाळी साहेब सहाला बसले. बराच वेळ त्यांनी पेन नुसते धरून ठेवले. आदल्या आठवड्यात लेथमास्तरने चिठ्ठी पाठवली होती, एकाच ओळीची: ‘मी आता फार दिवस वाट बघणार नाही.’ ती समोर होती. आणि त्या सकाळी साहेबांनी लिहायला सुरुवात केली. लेथ सुरू झाला. फडके आले. फाटक आले. पेन थांबत नव्हते. इतक्या महिन्यांत मी तो आवाज विसरलो होतो.

साडेसहाला वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांचा चेहरा एका बाजूने उतरला होता. डाव्या हाताने त्यांनी चौकट धरली. हाक मारायला तोंड उघडले असावे. मग त्यांना साहेबांची वाकलेली पाठ दिसली आणि पेनाचा आवाज ऐकू आला. त्या तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी बघितले नाही. त्या कागदाकडे बघत होत्या. मग भिंतीला धरून मागे सरकल्या आणि ओट्याला टेकून खाली बसल्या. मला त्यांची पावले तेवढी दिसत होती. थोड्या वेळाने त्यांतले एक आडवे पडले.

साहेब साडेआठपर्यंत लिहीत होते. चार पाने. ते उठले, मला पुसले, अगदी मन लावून आकडा काढला आणि मोठ्याने म्हणाले, “ऐकलंस का? बोटं आली!”

उत्तर आले नाही, तेव्हा ते आत गेले.

दवाखान्यातून लेक संध्याकाळी साहेबांना घरी घेऊन आली. डॉक्टर म्हणाले होते, उजवी बाजू गेली, जीभ वळणार नाही, डोके मात्र शाबूत आहे. दोन तास आधी आणले असते तर कदाचित पुष्कळ वाचले असते. लेक चपलाही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, हा आकडा आज लिहिलात?”

“हो.”

“आईला बघायच्या आधी की नंतर?”

साहेबांना खोटे बोलता आले असते. त्यांना सवय होती. ते म्हणाले, “आधी.”

लेक आरडाओरडा करील असे मला वाटले. तिने मला फक्त भिंतीवरून उतरवले आणि तोंड भिंतीकडे करून ठेवले. मग खाली बसून म्हणाली, “मला माहीत होतं. मलाही माहीत होतं, बाबा. मी शपथ पाळत बसले.”

त्यानंतरचे दिवस किती, ते मला ठाऊक नाही. माझ्यावर कुणी लिहिले नाही. महिन्या-दोन महिन्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले की अक्षरांचा तक्ता करा, वहिनी बोटाने दाखवतील. घरात मोठा, कडक असा मीच होतो. साहेबांनी माझी मागची कोरी बाजू घासून पांढरी रंगवली आणि तिच्यावर मुळाक्षरे काढली. शेजारी काना, मात्रा, वेलांट्या. मला वहिनींच्या खाटेशी उभे केले.

पहिले काही दिवस वहिनी ‘पाणी’ दाखवत, ‘खिडकी’ दाखवत. एका दुपारी साहेबांनी ती चार पाने त्यांना वाचून दाखवली. त्यांत लेथमास्तर सांगतो की बोटे घरी गेली, आणि बिचाऱ्या अधिकाऱ्याला ते खरे वाटते. वाचून साहेबांनी मान वर केली. वहिनींचे डावे बोट सावकाश उठले. ख वर गेले. मग ट वर. मात्रा दाखवायचीही गरज पडली नाही.

“खोटं?” साहेबांनी विचारले.

वहिनींनी डोळे मिटून उघडले. दार, जड दार आणि ते हसणे, सगळे साहेबांनी त्यांना त्याच दिवशी संध्याकाळी सांगितले होते. तेरा-चौदा वर्षांपूर्वी.

साहेबांनी ती पाने फाडली आणि पुन्हा लिहिली. ‘मी दोन बोटे घरी गेली असे लिहिले, कारण मला आकडा हवा होता,’ या वाक्याने प्रकरण सुरू झाले. आता सहा ते आठ उरले नव्हते. वहिनींना कूस बदलून द्यायची, भरवायचे, पुसायचे, कपडे धुवायचे. त्यातून त्या झोपल्या की साहेब कागद घेत. कधी आठवड्यात पाच पाने, कधी पंधरा दिवसांत एक ओळही नाही. कुठे मोजले नाही. सुटलेल्या दिवसानंतर ते नुसते शेवटचे पान वाचत आणि तिथून पुढे जात. आणि ज्या प्रसंगाची भीती वाटे तो आधी लिहीत. कादंबरी पुरी झाली. लेथमास्तरने ते प्रकरण वहिनींच्या खाटेशी बसून ऐकले, दोनदा वाचायला लावले, आणि उठून गेला.

त्या संध्याकाळी साहेबांनी वहिनींना विचारले, “त्या सकाळी तू दारात आली होतीस ना?”

डोळे मिटून उघडले.

“मग हाक का नाही मारलीस?”

वहिनींचे बोट माझ्या अंगावरून फिरू लागले. एका अक्षरावर थांबायचे, दम घ्यायचा, पुढे जायचे. साहेब एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत होते. शेवटचे झाले तेव्हा त्यांनी सगळे जोडून म्हणायचा प्रयत्न केला, पण म्हणवले नाही. म्हणून मीच सांगतो. वहिनींनी लिहिले होते, ‘तुम्ही लिहीत होतात.’

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कधी मोठे काही लिहायला घेईल. दिवस मोजावेसे वाटले तर जरूर मोजा, मीच नको कसे म्हणू? पण महिन्यातून एकदा पानेही मोजा, आणि आकडा वाढताना गोष्ट तिथेच उभी असेल तर आपण कशाला घाबरतो आहोत ते शोधा. तुमच्या आकड्याला जपायला घरातले कुणी दुखणे गिळत असेल तर पेन खाली ठेवा, खंड पडू द्या, त्या माणसाला घेऊन आधी दवाखान्यात जा. आणि फळ्यावर शून्य आले म्हणून कुणाला बोल लावू नका. बोललेले एक वाक्य माणसे किती वर्षे जपून ठेवतात, ते मी बघितले आहे.

आता शेवटची मांडणी. कादंबरी झाली, दोनशे चाळीस पानांची, आणि तिच्यावर साहेबांचे नाव आहे. तिच्यासाठी लेथमास्तरची दोन बोटे गेली. लेकीला एक शपथ आयुष्यभर पुरेल. साहेबांनी दिले रोज सकाळचे दोन तास. बाकीचे सगळे वहिनींनी भरले.